माझ्या पाठीवरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनं तांब्याचं ताट आहे. घरातली इतर भांडी आपली हकीकत सांगायला लागली की आधी छाती पुढे काढतात. पिंप म्हणतं, मी पाणीटंचाईत अख्खं घर तारलं. पुरणयंत्र तर विचारायलाच नको, वर्षातून चारदा काम करतं आणि वर्षभर सांगतं. मला तसं जमत नाही. माझी हकीकत मला काठ खाली घालूनच सांगावी लागते, कारण तिच्यात अभिमानापेक्षा लाजच जास्त आहे.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथे दिवसभर ठाकठूक चालते. साईनाथ नावाच्या कारागिरानं पत्रा लाल होईपर्यंत तापवून, ठोकून, पुन्हा तापवून मला आकार दिला. मग चिंचेनं घासलं आणि लहान हातोडीनं अंगभर एकसारखे ठोके दिले. त्याला मठारकाम म्हणतात. उन्हात धरलं की प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. आपण देखणे आहोत हे मला तेव्हा कळलं, आणि ते मी बरेच दिवस विसरलो नाही.

राधा नावाच्या मुलीच्या लग्नासाठी तिच्या वडिलांनी मला विकत घेतलं. लेकीला द्यायच्या भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडे पद्धत आहे. साईनाथनं मला पालथं घातलं, बारीक छिन्नी घेतली आणि टिंबाला टिंब जोडत माझ्या पाठीवर लिहिलं, 'चि. राधा हिस, आईबाबांकडून'. दुखलं थोडं. पण नाव घातल्यावर भांडं कुणाचं तरी होतं, त्याआधी ते नुसतं दुकानातलं असतं.

राधा शिकलेली मुलगी. कॉलेजात संगणक म्हणजे काय हे मास्तरांनाही नीट ठाऊक नव्हतं, तेव्हा ती त्यावर आकडेमोड करायची. तिचं लग्न नारायण पेठेतल्या यज्ञेश्वर नावाच्या मुलाशी झालं. माप ओलांडून ती घरात आली आणि लक्ष्मीपूजनाला मला पाटावर ठेवलं. माझ्यावर तांदूळ पसरले. आता नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत. सासूबाईंनी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यांच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचं नावही राधाच होतं. "हाक मारली की दोघी येतील," असं सासूबाई हसत म्हणाल्या आणि खोलीतले सगळे हसले. यज्ञेश्वरनं वळणदार अक्षरात लिहिलं, सुहासिनी. कुणीतरी तिला विचारलं, "आवडलं ना गं?" ती म्हणाली, "चालेल."

तिची नजर माझ्यावर होती. समोर तांदळात सुहासिनी, आणि त्याच तांदळाखाली, माझ्या पाठीवर, राधा. मला त्याच क्षणी ओशाळल्यासारखं झालं. मग पेढे वाटले, मला उचलताना जरा हलवलं आणि तांदूळ पुन्हा सपाट झाले. नाव पुसायला हातसुद्धा लावावा लागत नाही, ताट हललं की पुरतं.

पुढे मी नात्यातल्या लग्नांत फिरू लागलो. "ते सुहासिनीचं ताट द्या हो, काय सुरेख मठार आहे," असं म्हणत लोक न्यायला यायचे. स्तुती कुणाला आवडत नाही? मलाही आवडायची. पण प्रत्येक लग्नात तेच. मुलगी एक नाव घेऊन पाटावर बसायची आणि दुसरं घेऊन उठायची. काही मुली खुशीनं हसायच्या, नाही असं नाही. काही मात्र 'चालेल' म्हणायच्या. त्यांचं जुनं नाव माझ्यावर कधी कुणी लिहिलंच नाही, त्यामुळे ते पुसलं असा आरोपही कुणावर येत नसे. आणि मी चकचकीत राहून शोभा वाढवत असे.

सुहासिनीची मुलगी तनया लग्नाला उभी राहिली तेव्हा तिनं स्पष्ट सांगितलं, "आई, ते ताट बीट काढू नकोस. मला माझं नाव आवडतं." यज्ञेश्वर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "उत्तम. तेवढेच तांदूळ वाचले." मला वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकलं. पुढे घर बदललं, पेठेतून मंडळी कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आली आणि मी एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर गेलो. काळवंडलो, काठाला हिरवं चढलं. भांड्याला अडगळीत पडण्याचं दुःख असतं म्हणतात. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटत होतं.

सुहासिनीबाई कॉलेजात संगणक शिकवून निवृत्त झाल्या. त्यांचे जुने विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्यांचे मित्र रविवारी सकाळी त्यांच्याकडे जमू लागले. ही मंडळी मुक्त सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे काय, तर शेजारीण कशी हातचं न राखता गोड्या मसाल्याची कृती सांगते, आणि वर म्हणते, तुम्हाला धने कमी हवेत तर कमी घाला, फक्त पुढे कुणी विचारलं तर तुम्हीही सांगा. हे तसंच. कुणीही घ्यावं, उघडून बघावं, सोयीनं बदलावं, पुढे द्यावं. फार चांगलं काम, आणि त्याबद्दल मी वावगा शब्द काढणार नाही.

कामं वाढली तशी सगळ्यांना एका छत्राखाली आणणारी संस्था काढायचं ठरलं. संस्थेला नाव हवं. पुण्यात संस्था काढणं सोपं असतं, तिला नाव ठेवणं अवघड, आणि काढणाऱ्यांना नावं ठेवणं सगळ्यात सोपं. रविवारमागून रविवार गेले. कुणी 'ज्ञानगंगा' सुचवलं. यज्ञेश्वर आतून म्हणाले, "त्या नावाचा क्लास आहे, मंगल कार्यालय आहे. पिठाची गिरणीही असेल, बघून घ्या." अभिनव नावाचा एक उत्साही मुलगा होता, तो प्रत्येक नावाला म्हणायचा, "मॅम, शॉर्ट पाहिजे. आणि डोमेन अव्हेलेबल पाहिजे." शेवटी सुहासिनीबाईंना सुचलं, ओसरी. वाटसरूनं न विचारता येऊन टेकावं अशी घराची जागा. सगळ्यांना एकदम आवडलं. त्या भरात दुसरंही ठरलं. संस्था ओसरी, तर तिच्यातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला घरातल्याच जागांची नावं द्यायची. मराठी टाइप करायचं साधन झालं 'उंबरा', शब्दकोश झाला 'माजघर'.

अभिनव म्हणाला, "मॅम, प्रॉपर नेमिंग सेरेमनी करू या ना. बारशासारखी. तांदळात नावं लिहू, व्हिडिओ काढू, एकदम आपलं वाटेल." सुहासिनीबाई हसल्या. "अरे, त्याचं ताट आहे माझ्याकडे." मला माळ्यावरून काढलं, चिंच आणि मीठ लावून घासलं. मी पुन्हा लखलखलो आणि जेवणाच्या टेबलावर येऊन बसलो. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं आणि पाहिलं.

पूर्णिमा नावाची एक मुलगी त्या मंडळींत नवीन होती. वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची. खराडीला नोकरी आणि येरवड्यात मैत्रिणींबरोबर खोली. खेड्यातल्या लहान वाचनालयांसाठी तिनं एकटीनं एक सॉफ्टवेअर केलं होतं. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलं, परत कधी येणार, हे साध्या फोनवर नेट नसतानाही समजायचं. तिकडची बरीच वाचनालयं ते वापरत होती. त्याचं नाव होतं कौशल्या. आता ते एकटीच्यानं झेपेना, म्हणून तिला ते ओसरीत आणायचं होतं.

त्या बैठकीत अभिनव म्हणाला, "नाव छान आहे गं, पण रामायणातलं नको. उद्या कोणी म्हणेल हे रिलिजस आहे. आपली पॉलिसी न्यूट्रल आहे ना."

"आणि आपल्या घरात येतेय तर घरातलंच नाव घेऊ दे की तिला," सुहासिनीबाई कौतुकानं म्हणाल्या. "पुस्तकं कुठे ठेवतात? फडताळात. फडताळ कसं वाटतं, पूर्णिमा?"

पूर्णिमानं माझ्या काठाकडे बघत बोटानं टेबल पुसल्यासारखं केलं. "चालेल, मॅडम."

'चालेल' म्हणजे होकार नव्हे, हे मला पहिल्या लग्नापासून माहीत आहे. सुहासिनीबाईंनाही माहीत असायला हवं होतं. पण त्या पुढच्या विषयाकडे वळल्या होत्या. हे कौशल्या नाव कुणाचं, असं त्या खोलीत एकानंही विचारलं नाही. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली ओळ कुणी लिहिली याची काटेकोर नोंद राहते, ज्याचं श्रेय त्याला देण्यावरून तासन्तास वाद होतात. आणि नाव मात्र त्यांनी पोथीतलं ठरवून बाजूला सारलं.

तेवढ्यात पूर्णिमाचा फोन वाजला. माझ्याशेजारीच उभी राहून ती बोलली. "हो आत्या. हो, पुढच्या रविवारी. नावाचाच कार्यक्रम आहे. ये ना तू." नाव बदलल्याचं मात्र तिनं सांगितलं नाही. मग नुसतं "जपून ये" म्हणाली.

मित्रांनो, मला पुढे कळलं ते तुम्हाला आत्ताच सांगतो. कौशल्या ही पूर्णिमाची आत्या. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पूर्णिमाच्या कानात पूर्णिमा हे नाव पहिल्यांदा तिनंच सांगितलं. पुढे आत्या लग्न होऊन गेली, सासरी तिचं सुलोचना केलं. तिथे फार छळ झाला, तेव्हा ती ते घर सोडून माहेरी परतली. गावच्या समाजमंदिरात तिनं पोरांसाठी वाचनालय काढलं, आणि पूर्णिमाला पुस्तकाचं वेड तिथेच लागलं. पण रेशनकार्डावर, मतदानाच्या कार्डावर, बँकेत, सगळीकडे ती अजून सुलोचनाच. तिचं स्वतःचं नाव लिहिलेली या जगात एकच जागा होती, भाचीनं केलेलं ते सॉफ्टवेअर. आणि ते नाव बघायला ती पुण्याला निघाली होती.

रविवारी हॉल माणसांनी भरला. सोसायटीच्या खुर्च्या आणल्या होत्या, दारात रांगोळी होती. कौशल्याबाई ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थेट आल्या होत्या. ठेवणीतली जांभळी साडी, हातात मोठा स्टीलचा डबा. बारशाला आत्यानं गोड न्यावं म्हणून त्यांनी घरून लाडू करून आणले होते. पुढच्या खुर्चीत त्या डबा मांडीवर धरून बसल्या.

माझ्यावर तांदूळ पसरले. एकेकानं येऊन अंगठीनं नाव लिहायचं, टाळ्या, फोटो, मग मला हलवायचं की पुढचं. उंबरा झालं. माजघर झालं. कौशल्याबाई प्रत्येक नावाला मनापासून टाळ्या वाजवत होत्या. मग पूर्णिमाला बोलावलं. तिनं फडताळ लिहिलं, आणि ते इतकं पुसट लिहिलं की अभिनवला फोटोसाठी पुन्हा गिरवून घ्यावं लागलं. कौशल्याबाईंनी भाचीसाठी सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. माझ्यावर तांदळाचं ओझं ते किती, पण मला ते पेलवेना.

चहा सुरू झाला. कौशल्याबाई डबा सांभाळत पूर्णिमाजवळ आल्या. "पूर्णिमा, आपली कौशल्या कवा येते वं? का ते शेवटी ठेवली?"

पूर्णिमानं हातातला कप खाली ठेवला. "आत्या, ते फडताळ... तेच ते. नाव बदललं."

"काऊन?"

अभिनवला वाटलं आपण मदत करावी. तो पुढे होऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, ते रामायणातलं नाव होतं ना, म्हणून. आपण न्यूट्रल नावं ठेवतो."

"रामायणातली नाई बाबू ते," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी हाओ ते."

हॉलमध्ये कुणाला आपला चहाचा कप कुठे ठेवावा हे कळेना. अभिनव कानापर्यंत लाल झाला. पूर्णिमा रडत म्हणाली, "माझीच चूक आहे, आत्या. मी चालेल म्हणाले. तुला सांगायचं तोंड नव्हतं मला." कौशल्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग डब्याचं झाकण काढलं. "बारसं त झालं ना? घ्या." आणि त्या एकेकाच्या हातावर लाडू ठेवत गेल्या. लाजेनं मान वर न करता लोकांनी ते लाडू खाल्ले. मी आजवर पुष्कळ लग्नांत पेढे वाटताना पाहिले आहेत. तो दिवस मात्र मला अजून सोसत नाही.

लाडू संपले तशा कौशल्याबाई पदर खोचून कामाला लागल्या. पाहुण्या आहात, राहू द्या, असं म्हटलं तरी ऐकेनात. मला उचलून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं, तांदूळ डब्यात ओतले आणि नळाखाली धरून पालथं केलं. पाण्याखाली त्यांचं बोट माझ्या पाठीवरच्या टिंबांवरून फिरलं आणि थांबलं.

"हे राधा कोन?" त्यांनी विचारलं.

सुहासिनीबाई कप विसळायला आल्या होत्या. दारात यज्ञेश्वर उभे होते, हातात रिकामी बशी. इतर वेळी त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी खोचक सुचतं. आज ते माझ्या पाठीकडे बघत होते.

"मी," सुहासिनीबाई म्हणाल्या. "लग्नाआधीची."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं.

"मंग तुमाले त माईतच होतं," त्या म्हणाल्या.

नळ वाहत राहिला. सुहासिनीबाईंनी हात पुढे करून तो बंद केला आणि तशाच ओल्या हातानं त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हो, माहीत होतं. मला माहीत असून मी हे केलं." मग त्यांनी कौशल्याबाईंची क्षमा मागितली. नुसतं सॉरी नव्हे. "ते नाव कुणाचं, हे विचारायची तसदी मी घेतली नाही. माझी मला लाज वाटते," असं त्या त्यांच्याकडे बघून, सरळ शब्दांत म्हणाल्या. आणि त्या घरात सगळ्यांत जुना असलेला मी, माझीही मान खाली होती.

मंडळी अजून गेली नव्हती. सुहासिनीबाई हॉलमध्ये गेल्या आणि घरातल्या नावांचा नियम त्यांनी तिथल्या तिथे मोडून काढला. बाहेरून जे ज्या नावानं येईल, ते त्याच नावानं राहील. कुणी हरकत घेतली नाही. अभिनव लॅपटॉप उघडून बसला आणि हौसेनं जे जे बदललं होतं ते ते त्यानं कुरकुर न करता पूर्ववत केलं. पूर्णिमानं पहिल्याच पानावर एक ओळ टाकली, 'माझी आत्या कौशल्या हिच्या नावावरून'. संध्याकाळी परतीच्या गाडीआधी तिनं आपला फोन आत्याच्या हातात दिला.

कौशल्याबाईंनी चष्मा पुसून ती ओळ वाचली. मग हळूच विचारलं, "आता हालवलं त जात नाई ना?"

"हलवून बघ," पूर्णिमा म्हणाली.

त्यांनी खरंच फोन हलवून पाहिला. नाव होतं तिथेच होतं. तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

आता मला माळ्यावर टाकत नाहीत. हॉलमधल्या फळीवर मी उभा असतो, तोंड भिंतीकडे आणि पाठ बाहेर. असं उलटं यज्ञेश्वरांनीच मला ठेवलं. येणारेजाणारे विचारतात, ही राधा कोण. ते सांगतात. सांगताना त्यांचा तो नेहमीचा टोमण्याचा सूर नसतो.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुम्ही पुढे मोठे व्हाल, नव्या वस्तू कराल, संस्था काढाल, घरं मांडाल. नावं हौसेनं ठेवा. पण जे आधीपासून एक नाव घेऊन तुमच्या दारात येईल, त्याला ते नाव कुणी दिलं, हे आधी विचारा. आणि समोरचं माणूस नुसतं 'चालेल' म्हणालं तर पुन्हा एकदा विचारा. हे सगळं वेळेवर करा. भांडी घासून लख्ख करता येतात, कितीही काळी पडलेली असली तरी. नावाचं तसं नाही. परवाचीच गोष्ट सांगतो.

सकाळची वेळ होती. सुहासिनीबाई खिडकीशी बसून लॅपटॉपवर काहीतरी वाचत होत्या. यज्ञेश्वरांनी स्वतः चहा केला होता. कप घेऊन ते माझ्यासमोर जरा थांबले, माझी पाठ वाचली, घसा खाकरला आणि त्यांनी हाक मारली, "राधा." अंतर चार पावलांचं, आवाज स्पष्ट. सुहासिनीबाईंनी वर पाहिलं नाही. रागानं नव्हे. ही हाक आपल्याला आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. यज्ञेश्वरांनी पुन्हा एकदा, थोडं मोठ्यानं म्हटलं, "राधा." बाईंनी पान पुढे सरकवलं. कपातला चहा निवत चालला होता.

मग ते "सुहासिनी" म्हणाले, आणि बाईंनी लगेच ओ दिली.